लुकमान मुकादमाची रीत

त्या दिवशी सकाळी लेकीच्या डब्याची मेथी कढईत होती आणि शेजारच्या शेगडीवर सासूबाईंचा बिनसाखरेचा चहा. सासूबाई खाली पाटावर बसून लसूण सोलत होत्या आणि आदल्या दिवशीच्या लग्नात बट्ट्या आतून कशा कच्च्या होत्या, ते मला पुन्हा एकदा ऐकवत होत्या.

"वरण चांगलं व्हतं म्हणून निभावलं माय. नाहीतर पंगत उठली असती."

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. आमच्या सावद्याच्या गल्लीत कडी कोणी वाजवत नाही. दूधवाला रस्त्यावरून ओरडतो, शेजारीण सरळ ओट्यापर्यंत येते. कडी दोनदा वाजली आणि थांबली. मी गॅस बारीक करून दार उघडलं.

दारात लुकमानभाऊ उभे होते. चपला त्यांनी पायरीखाली काढल्या होत्या. हातात केळीच्या घडाचा मोकळा दांडा होता, एकही फणी नसलेला.

"वहिनी, शेठ उठले?"

"रात्री गाडी रवाना करून आलेत ना, निजलेत अजून. काय झालं?"

"उठवा त्याहिले. मी हाये इथंच."

इतक्या वर्षांत या माणसानं कोणाला झोपेतून उठवायला सांगितलं नव्हतं. रमजानचे दिवस होते. रोज्यानं त्यांचे ओठ कोरडे पडलेले, म्हणून मी सवयीनं पुढे केलेला पाण्याचा तांब्या तसाच मागे घेतला. त्यांनी दांडा माझ्यासमोर धरला. वरच्या टोकाला गेरूचा लाल पट्टा होता.

त्या पट्ट्यानं मी का घाबरले, ते आधी सांगायला हवं. माझे यजमान कुंदन यांचं रावेर रस्त्याला केळी भरायचं पॅकहाऊस आहे. बागेतून घड कापून येतात, फण्या सुट्या होतात, हौदात धुतल्या जातात, खोक्यांत भरल्या जातात आणि थंड कंटेनरमधून बंदरावर, तिथून जहाजानं आखाती देशांत जातात. केळी हिरवीच जायला हवीत. करपा रोग पडलेल्या झाडाचा घड वरून अगदी तसाच हिरवागार दिसतो, पण आतून तो वेळेआधी पिकायला लागलेला असतो. असा एक घड बंद कंटेनरमध्ये गेला की त्याच्या वाफेनं शेजारचे पिकतात, मग त्यांच्या शेजारचे. तिकडे दार उघडेपर्यंत सगळा माल पिवळा, नाहीतर काळा. म्हणून शेडमध्ये येणारा प्रत्येक घड आधी लुकमानभाऊंच्या हाताखालून जातो. एक केळ कापून ते आतला गर बघतात, आणि शंका आली की दांड्याला गेरूचा पट्टा ओढून घड बाजूच्या ढिगात टाकतात. तो ढीग गावातल्या बाजाराचा.

आता पट्टा ओढलेला दांडा मोकळा होता.

"पहाटे फजरची नमाज झाली अन् शेड झाडायले गेलो," ते म्हणाले. "रिकाम्या दांड्यांच्या ढिगात हा दिसला. याच्या फण्या बाजारच्या ढिगात नाहीत. म्हणजे खोक्यात गेल्या, वहिनी. गाडीत गेल्या."

लुकमान तडवी हे सातपुड्याच्या पायथ्याचे, यावल तालुक्यातल्या एका पाड्यावरचे. आमच्याकडे मुकादम म्हणून त्यांना कोणी आणलं नाही, टोळीनंच त्यांना पुढे केलं. पूर्वीचा मुकादम शिवराळ होता. त्याच्याशी भांडून अर्धी टोळी निघून गेली, तेव्हा उरलेल्या बायांनी माझ्याकडे येऊन सांगितलं, "लुकमानभाऊ सांगतीन तसं करू, दुसऱ्याचं ऐकणार नाही." ते तेव्हा साधे घड वाहणारे होते.

त्यांचं मुकादमपण मी डबा द्यायला, कधी हिशेबाचं काही विचारायला गेले की बघत आलेय. नवं काम निघालं की ते सगळ्यांना खाली बसवतात आणि आधी टोळीतल्या सगळ्यात नव्या माणसाला विचारतात, तुझं काय म्हणणं? जुने मागून. यजमान चिडवायचे, "मौलाना, केळी भरायची आहेत का ग्रामसभा घ्यायची आहे?" ते हसून म्हणायचे, "शेठ, आमच्यात सल्ला घेणं फर्ज मानतात. अन् नव्या माणसानं जुन्याचं ऐकलं की मग तो त्याचंच बोलतो, सवताचं नाही बोलत." जेवायला ते सगळ्यांच्या मागून बसतात. उन्हात घड वाहून आलेल्याला आधी पाणी, मग काम. धर्माचं भाषण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. नमाजाला ते वजनकाट्यामागे पोतं अंथरतात, आणि त्यांच्या टोळीतल्या हिंदू बाया ती जागा न सांगता झाडून ठेवतात, एवढंच काय ते दिसतं.

रमजानात मगरिबच्या वेळी, सूर्य मावळून रोजा सुटला की, काही मिनिटं सगळी लाईन थांबते, हीही त्यांचीच रीत. पावरा असो की कोळी की लेवा, प्रत्येकाच्या हातावर एक खजूर. आदल्या संध्याकाळी मात्र लाईन थांबली नव्हती. कंटेनर उशिरा आला होता, यजमानांनी थांबू नका म्हणून सांगितलं होतं. लुकमानभाऊ तेवढे नमाजाला गेले होते.

मी यजमानांना उठवलं. ते डोळे चोळत मागच्या पडवीत आले, दांडा पाहिला आणि हसायचा प्रयत्न केला.

"एक घड, लुकमान. एवढ्या मोठ्या कंटेनरात एक घड."

"हो शेठ."

"आत तेरा-चौदा अंश थंडी. काही होणार नाही. नीट पोचंल."

"पोचंलबी. मी नाही कुठं म्हणू राह्यलो?"

यजमान खुर्चीवर बसले. त्यांचा गुडघा हलायला लागला, म्हणजे मला कळलं की त्यांचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास नाही. आजवर आमचा माल दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावानं जायचा. हा पहिला कंटेनर आमच्या स्वतःच्या नावानं निघाला होता. तिकडचा घेणारा नवा. पहिलाच माल काळा निघाला तर दुसरा तो मागणार नव्हता, आणि एकदा नाव वाईट झालं की तिकडच्या बाजारात दुसरा कोणी दारात उभं करत नाही. त्यासाठी यजमान वर्षभर राबले होते.

"आपण गप्प राहिलो तर कोणाले कळणार?" ते हळूच म्हणाले. लुकमानभाऊंना म्हणाले की स्वतःला, कोण जाणे.

"कोणालेच नाही." लुकमानभाऊंनी दांडा भिंतीला टेकवून ठेवला. "पण तिकडंबी रोजे चालू हायेत, शेठ. आपली केळी लोक रोजा सोडायले घेतीन. घेणाऱ्याले माहीत नाही, आपल्याले माहीत हाये. तुम्ही मालक, तुम्ही ठरवाल ते. मी सांगितलं नाही असं नको व्हायले. माल माझ्याकडं अमानत होता."

"मग सांग ना!" यजमान एकदम उठले. "कोणी भरला हा घड? पट्टा दिसत नव्हता का त्याले? नाव सांग. तो माणूस आता माझ्या शेडची पायरी चढणार नाही. अन् मी सावद्यात सगळ्या शेडवाल्याहिले फोन करतो, कोणीच ठेवणार नाही त्याले."

ही धमकी पोकळ नव्हती. केळीपट्ट्यात शेडवाले एकमेकांना धरून असतात. एकानं हाकललेल्याला दुसरा उभा करत नाही. मग सातपुड्यातून आलेल्या माणसाला परत डोंगरावर जाऊन पावसाची वाट बघत बसणं एवढंच उरतं. लुकमानभाऊंचा चेहरा उतरला. सकाळपासून पहिल्यांदा ते घाबरलेले दिसले.

"मुकादम मी हाये, शेठ."

"तू तर तेव्हा नमाजाले बसला व्हता!"

"त्याच्यासाठीच म्हणतो. पाण्याच्या घोटावर रोजा सोडून तिथंच उभं राहता आलं असतं, नमाज थोडी मागून झाली असती. नाहीतर जागा कोणाले सोपून जायचं होतं. तसाच उठलो. चूक तिथून सुरू झाली."

स्वयंपाकघरातून लसणाची परडी घेऊन सासूबाई उंबऱ्यात आल्या. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, पण कोणत्या, ते वेळेवर ठरतं.

"अन् काल सांजच्याले फोनवर कोण बोंबलत व्हतं रे कुंदन? 'खोके कमी पडले त कुठूनबी भरा, मले ईचारू नका, गाडी निघाली पायजे!' मले वाटलं घरात आग लागली का काय."

कढईतल्या मेथीचा वास करपट यायला लागला, तेव्हा मी आत धावले. परत आले तर यजमान ड्रायव्हरला फोन लावत होते. म्हणजे त्यांचं ठरलं होतं.

ड्रायव्हर झुलालचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. रात्री निघालेली गाडी सकाळी नाशिकच्या पुढे गेली असणार, दुपारपर्यंत बंदरात, मग काहीच करता येणार नव्हतं. यजमान पडवीत येरझाऱ्या घालत होते. लुकमानभाऊ पायरीवर बसून ओठ हलवत होते, बहुतेक काही पुटपुटत होते. मी लेकीला डब्यात करपलेली भाजी वगळून पोळी-चटणी दिली आणि ती रिक्षात बसेपर्यंत चौथ्यांदा की पाचव्यांदा तीच बाई फोनमधून नंबर बंद असल्याचं सांगत होती.

शेवटी झुलालचाच फोन आला.

"भाऊ, गाडी आठेच शे, धुळाना बाहेर. मशीन चालू शे, कायजी नका करा. मनी सासुरवाडी शे ना आठे. सासूनी मांडा करात, रातले जाऊच नही दिधं…"

म्हणजे सासूनं पुरणाचे मांडे केले म्हणून गाडी थंडीचं मशीन चालू ठेवून रात्रभर धुळ्याबाहेरच थांबली होती. एरवी यजमानांनी त्याच्या सासूसकट सगळ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी ते फोनला कपाळ टेकवून म्हणाले, "झुलाल, तुझ्या सासूला माझा नमस्कार सांग. गाडी जागेवरून हलवू नको."

धुळ्याला यजमानांच्या ओळखीचं एक शीतगृह होतं. तिथे गाडी लावायची, सील तोडायचं, शेवटी भरलेल्या रांगा बाहेर काढायच्या, खराब खोकी शोधायची, पुन्हा भरून नवं सील लावायचं. बंदरावरचा एजंट फोनवर खूप कुरकुरला, नवे कागद करावे लागतील म्हणाला, आणि शेवटी बजावलं की संध्याकाळच्या आत गाडी धुळ्यातून निघाली नाही तर जहाज चुकेल.

टोळीची त्या दिवशी सुटी होती. तरी लुकमानभाऊंच्या निरोपावर सगळे शेडमध्ये जमले. मी चहाची किटली घेऊन यजमानांबरोबर गेले. लुकमानभाऊ सगळ्यांना खाली बसवून स्वतःही खालीच बसले.

"पट्ट्याचा एक घड गाडीत गेला. शोधायले धुळ्याले जायचं हाये. कोणी भरला ते मी ईचारत नाही. यायचं का नाही ते सांगा. रुपली, तू आधी."

रुपली टोळीत सगळ्यात नवी. सातपुड्यातल्या पावरा पाड्यावरून नवऱ्याबरोबर, भुराबरोबर आलेली. तिनं पदराचं टोक दातांत धरलं होतं.

"पोलीस येतीन का?"

"नाही येणार."

"मग येते."

भुरा जमिनीकडे बघत नुसता मान हलवून हो म्हणाला. दिपमाला मात्र तोंडाळ. "रोजा तुमचा मुकादम, अन् ऊन आमच्या डोक्यावर!" म्हणाली आणि सगळ्यात आधी उठून टेम्पोत चढली. तिच्या त्या बोलण्यानं चार जण हसले, पण ते हसणं लगेच विरलं. तो घड भरणारा आपल्यातलाच कोणीतरी आहे, हे प्रत्येकाला माहीत होतं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या हातांकडे बघत होता.

धुळ्यापर्यंतचा रस्ता मला कधी इतका लांब वाटला नव्हता. पारोळ्याच्या पुढे ऊन नुसतं पेटलेलं. आमच्या कारमध्ये यजमान, मी आणि पुढच्या सीटवर लुकमानभाऊ. यजमानांनी वाटेत दोनदा तेच विचारलं.

"तुले माहीत आहे, लुकमान. तू सांगत नाही."

"अल्लाची शपथ घ्यायले लावू नका शेठ, मी शपथ खात नाही. मले माहीत नाही. अन् माहीत करून घ्यायचंबी नाही."

"असं कसं मुकादमपण? चोर ओळखला नाही तर उद्या पुन्हा करीन."

"चोर कुठं? काल तुम्ही म्हणले भरा. त्यानं भरलं. भ्यालेल्या माणसाचं काम हाये ते."

यजमानांनी खिडकीची काच वर केली.

शीतगृहाच्या धक्क्याला झुलालची गाडी लागली, सील तुटलं, दार उघडलं. थंड धूर बाहेर आला आणि उन्हात विरून गेला. शेवटच्या रांगांमधली खोकी पटापट आतल्या थंड खोलीत गेली आणि तिथे भिंतीला लागून उभी राहिली. मग शोध सुरू झाला. प्रत्येक खोक्यातलं वरचं एक केळ काढायचं, चाकूनं आडवं कापायचं. पांढरा, चिकट गर आला की ठीक. सायीसारखी पिवळसर झाक दिसली की संपलं.

बाया शालीत गुरफटून केळी कापत होत्या. पुरुष खोकी पुढे सरकवत होते. प्रत्येक चाकूच्या आवाजाला मी वाकून गर बघत होते. पांढरं. पांढरं. पांढरं. मध्येच दिपमाला ओरडली, "मुकादम!" तिच्या हातातल्या केळाच्या मधोमध पिवळा डोळा दिसत होता. ते खोकं बाजूला झालं. मला वाटलं सुटलो.

लुकमानभाऊंनी सोबत आणलेला दांडा त्या खोक्यातल्या फण्यांच्या जवळ धरला. दांड्यावर जेवढ्या फण्यांच्या खुणा होत्या, त्यांच्या निम्म्याच तिथे होत्या.

"बाकीच्या दुसऱ्या खोक्यात हायेत."

पण सगळी खोकी तपासून झाली आणि दुसरं सापडलं नाही. तेव्हा कळलं काय झालं असेल. वरच्या फण्या चांगल्या आणि पट्ट्याच्या घडाच्या खाली, तळाशी. एक केळ कापून ते कळणार नव्हतं. प्रत्येक खोकं पूर्ण सोडवून पाहायचं तर संध्याकाळ उलटली असती. शीतगृहाचा माणूस येऊन घड्याळ दाखवून गेला. एजंटचा फोन दोनदा वाजला. झुलाल गाडीखाली सावलीत बसून आमच्याकडे बघत होता, आता त्यालाही सासूचे मांडे खाल्ल्याचा पश्चात्ताप होत असावा.

यजमानांचा धीर सुटला. ते खोलीच्या दारात उभे राहून ओरडले, "ज्यानं भरलं त्याले माहीत हाये कोणतं खोकं! गप्प उभा राहून गंमत बघतो का? बोला! नाहीतर सगळीच टोळी उद्यापासून घरी!"

रुपली रडायला लागली. भुरा तिच्याजवळ सरकला. दिपमालेनं पहिल्यांदा तोंड मिटलं. कोणी पुढे आलं नाही, आणि मला वाटतं कोणी येणारही नव्हतं. सगळ्यांसमोर, मालकाच्या त्या आवाजापुढे, कोण येईल?

लुकमानभाऊ यजमानांच्या जवळ गेले. "शेठ, थोडा वेळ मले द्या. आमच्या टोळीत एक रीत हाये."

ही रीत मला माहीत नव्हती, यजमानांनाही नव्हती. दिपमालेनं मला कानात सांगितली. मागे एकदा कोणाचं तरी चांदीचं कडं शेडमधून गेलं, तेव्हापासूनची. लुकमानभाऊंनी कोणाची झडती घेतली नाही, कोणाला विचारलं नाही. त्यांनी शेडमधली एक खोली रिकामी केली आणि सगळ्यांना एकेकट्यानं आत जायला लावलं, दार लोटून. ज्याला काही परत ठेवायचं असेल त्यानं ठेवावं. ज्याच्याकडे काही नसेल त्यानंही तेवढाच वेळ आत थांबावं, म्हणजे कोण किती थांबला यावरून कोणाला काही कळू नये. कडं परत मिळालं होतं. कोणी ठेवलं ते आजवर कोणाला माहीत नाही, आणि टोळीत कोणी विचारतही नाही.

"यानं काय होणार?" यजमान म्हणाले.

"जो दुसऱ्याची चूक झाकतो, त्याची अल्ला झाकतो, असं आम्हाले शिकवलं हाये. त्याले तोंड दाखवायले जागा ठेवा शेठ, तो आपण होऊन येईन." मग ते टोळीकडे वळले. "सगळे जातीन. एकेक जण. आपल्या हातानं बांधलेलं खोकं ज्याचं त्याले ओळखू येतं, टेप कशी दुमडली त्यावरून. ज्याले वाटतं त्यानं ते मधोमध फरशीवर ठेवायचं. बाहेर येऊन बोलायचं नाही. आधी मी जातो."

ते आत गेले, थोड्या वेळानं आले. दिपमाला गेली. रुपली गेली. भुरा गेला. एकेक करून बाकीचे. दर वेळी बाहेर येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही म्हणून आम्ही सगळे उन्हात रस्त्याकडे तोंड करून उभे होतो. मागे दाराचा रबरी आवाज तेवढा व्हायचा. मला तहान लागली होती, पण रोजा असलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून बाटली तोंडाला लावावीशी वाटेना.

टोळी संपली. यजमान आत जायला निघाले, बघायला. लुकमानभाऊंनी त्यांना थांबवलं.

"अजून तुम्ही राह्यले शेठ. अन् वहिनी."

"मी? मी कशाला?"

"सगळे म्हणजे सगळे. नाहीतर ही झडती झाली."

यजमानांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ते लुकमानभाऊंवर हात उगारतात की काय. पण ते आत गेले, आणि इतरांपेक्षा कमी वेळ थांबले नाहीत. मग मी गेले. दार मागे लागलं. खोक्यांच्या पुठ्ठ्याचा आणि कच्च्या केळीचा वास, कानात मशीनची घरघर. फरशीच्या मधोमध एक खोकं होतं. मी त्याला हात लावला नाही. इतर खोक्यांसारखंच होतं ते, टेप तेवढी एका बाजूला जरा जास्त ताणलेली. कोणाचे हात ते मला माहीत नव्हतं. तिथे एकटं उभं राहिल्यावर ते जाणून घ्यायची इच्छाही मला होईना.

बाहेर आले तेव्हा यजमान झुलालच्या गाडीच्या चाकाला टेकून उभे होते. लुकमानभाऊंनी आत जाऊन खोकं उघडलं. वरच्या फण्या काढल्या, तळातलं एक केळ कापलं. आतून त्यांचा आवाज आला, "सापडलं."

मग नुसती धावपळ. चांगली खोकी परत गाडीत, दार बंद, नवं सील, कागद. झुलालनं गाडी सुरू केली तेव्हा उन्हं कलली होती. गाडी मुंबई-आग्रा रस्त्याला लागेपर्यंत आम्ही सगळे बघत राहिलो. जहाज गाठेल का, ते कळायला दोन दिवस. माल नीट पोचला का, ते कळायला आठवडे. दार उघडं राहिलं तेवढ्या वेळात बाकीच्या खोक्यांना ऊब लागली असेल का, ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. यजमान पुन्हा पुन्हा शीतगृहाच्या माणसाला तेच विचारत होते आणि तो पुन्हा पुन्हा खांदे उडवत होता.

लुकमानभाऊंनी धक्क्याच्या कोपऱ्यात आपला गमछा अंथरून असरची, दिवस कलल्यावरची, नमाज पढली. टोळी टेम्पोत बसली. रुपली भुराच्या खांद्याला डोकं टेकून झोपून गेली होती, की डोळे मिटून बसली होती, ते मला कळलं नाही.

यजमान आमच्या कारचं दार उघडून उभे होते. लुकमानभाऊ जवळ आले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला.

"लुकमान, आता तरी. तू खोकं उघडलं, टेप पाहिली तू. टोळीतल्या प्रत्येकाचा हात तू ओळखतो. मी त्याले आज काही बोलणार नाही. नुसतं नाव सांग, मला माहीत असू दे."

लुकमानभाऊंनी टेम्पोकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. कोरड्या ओठांवरून त्यांनी जीभ फिरवली आणि यजमानांसमोर हात जोडले. त्यांना हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"शेठ, मुकादमपण काढून घ्यायचं त माझं घ्या, मी काही म्हणणार नाही. माझं एकच मागणं हाये. ते खोकं कोणाचं होतं, ते मलेबी ईचारू नका अन् टोळीत कोणालेच कधी ईचारू नका."